मशीन यायचंय अजून

जुईनगरच्या त्या इमारतीत रोज संध्याकाळी सातच्या सुमारास कोणाचं तरी लग्न मोडायचं, कोणीतरी घर सोडून निघून जायचं, आणि मधूनमधून कोणीतरी मरायचंही. इमारत तशी साधी होती. चार मजले, लिफ्ट नाही, खाली स्कूटरी आणि वर पाण्याच्या टाक्या. राहणारी माणसंही साधी. कोणी बँकेत, कोणी बंदरात, कोणी शाळेत. त्यांच्या घरांत असलं काही घडत नव्हतं. घडायचं ते सगळं दुसऱ्या मजल्यावर, माझ्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात, आणि तेही जपानमध्ये.

मी त्यांच्याकडे आतल्या खोलीत भाड्याने राहत होते. न्हावा शेव्याला कस्टमचं काम करून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा सांगलीहून बॅग घेऊन थेट इथेच आले. पहिल्याच संध्याकाळी खोलीत कपडे लावत होते, तर स्वयंपाकघरातून काकांचा आवाज आला, "मोठ्या दिरांनी आता घर विकायला काढलंय. बायकोला सांगितलेलं नाही. बायकोला सगळं कळलंय, पण तीही बोलत नाही. दोघं समोरासमोर बसून आमटी पितायत." त्यावर काकू म्हणाल्या, "पिऊ दे. आमटी गार झाली की बोलतील." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं, भाऊबंदकीच्या घरात येऊन पडले. डिपॉझिट तर देऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी कळलं की ते मोठे दीर जपानी होते.

काका म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले मेंटेनन्स सुपरवायझर. मूळचे कऱ्हाडकडचे, उंच, हाडापेराने मजबूत. त्यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर असे, निवृत्तीनंतरही. घरातला पंखा किंचित कुरकुरला तरी ते जेवण सोडून त्याच्याकडे बघत बसायचे. अशा माणसाने एका जपानी कादंबरीकाराची इंग्रजीत भाषांतर झालेली एकूण एक पुस्तकं वाचायची असा पण केला होता. आणि नुसती वाचायची नाहीत. रोज संध्याकाळी काकू स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसल्या की समोरच्या स्टुलावर बसून, इंग्रजी पुस्तक हातात धरून, ते त्यांना मराठीत सांगायचे. तयारी नाही, टिपण नाही. डोळे इंग्रजीवर आणि तोंडात मराठी. मध्ये अडखळणं नाही. मी पदवीला इंग्रजी घेतलं होतं. एकदा माझ्या खोलीत दार लावून तसं करून बघितलं. अर्ध्या पानात घाम फुटला.

हे सुरू कसं झालं ती गोष्ट सगळ्या इमारतीला पाठ होती, कारण काका ती कोणालाही सांगायचे, गॅसचा सिलेंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. कारखान्यात जपानहून एक मोठं मशीन आलं होतं. ते बसवायला एक जपानी इंजिनिअर आला, काही महिने राहिला आणि मशीन सुरू करून परत गेला. त्याच्या टेबलाच्या खणात एक पुस्तक राहिलं. वर खाकी कागदाचं कव्हर, आत इंग्रजी, आणि पानापानावर पेन्सिलीने शब्दांखाली रेघा. काकांना वाटलं, मशीनचं मॅन्युअल. माणसाने इतक्या रेघा मारून दुसरं काय वाचायचं? ते घरी आणलं, डिक्शनरी घेतली आणि अभ्यासाला बसले.

"पहिल्या पानावर एक बाई नदीवर भांडी घासतीया," काका सांगायचे. "म्हटलं, असेल. हे लोक सुरुवात लांबनं करत असतील. दुसऱ्या पानावर तिची सासू आली. म्हटलं, येऊ दे. मग एक मास्तर आला, पाऊस आला, एक म्हातारं कुत्रं आलं. मी वाचतोय, वाचतोय. मशीन काय येईना."

"मग सोडून नाही दिलंत?" मी विचारलं होतं.

"सोडून कसं? मशीन पुढच्या पानावर आलं असतं तर?"

तोवर ती नदीवरची बाई त्यांच्या मानगुटीवर बसली होती. एके दिवशी तिची भांडी पाण्यात वाहून गेली, तेव्हा यांना राहवलं नाही आणि त्यांनी ते काकूंना सांगितलं. काकूंनी विचारलं, "मग? सासू काय म्हणाली?" तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. पुढे त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक मिळवलं, मग तिसरं. रद्दीवाल्याकडे सांगून ठेवलं, ओळखीतल्या कोणाचा मुलगा परदेशात असला की त्याच्याकडे यादी जायची. इतकी वर्षं हेच का वाचता, असं कोणी विचारलं की काका शांतपणे म्हणायचे, "मशीन यायचंय अजून."

त्या इंजिनिअरला पुस्तक परत पाठवायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण पत्ता लागला नाही. त्याने ज्या शब्दांखाली रेघा मारल्या होत्या, त्याच शब्दांसाठी काकांनीही डिक्शनरी उघडली होती. "आमी दोघं एकाच पुस्तकातनं इंग्रजी शिकलो," ते म्हणायचे, "तो तिकडनं आला, मी इकडनं गेलो."

सुरुवातीला काकूंच्या जपानी नावं लक्षात राहीनात. त्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "नावं नकोत. नातं सांगा." तेव्हापासून त्या लेखकाच्या सगळ्या पात्रांची नावं जाऊन नाती आली. मोठे दीर, धाकटी जाऊ, मास्तरांची विधवा बहीण, दुकानदाराचा बिघडलेला मुलगा. काकांनी जपानी जेवणाचा आमटी-भात करून टाकला, पण जे बदलता येत नव्हतं ते मुळीच बदललं नाही. बर्फ पडला की बर्फच. एकदा एका पात्राचं घर बर्फाखाली गेलं, तेव्हा त्यांनी काकूंना फ्रीझर उघडून हात आत धरून ठेवायला लावला. "आता असं सगळ्या अंगाला, आणि बाहेर यायला दार नाही," म्हणाले. काकूंनी हात बाहेर काढून पदरात गुंडाळला आणि त्या घरातल्या लोकांसाठी हळहळल्या.

लेखकाने दोन परिच्छेदांमध्ये मोकळी जागा सोडली असेल तर काका तिथे थांबायचे. "इथं रिकामी ओळ हाय," असं म्हणायचे आणि गप्प बसायचे. काकूंचा हातही थांबायचा. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर नंतर मीसुद्धा दारात उभी राहून त्या रिकाम्या ओळीत थांबायला लागले.

सगळ्यात नवल मला काकूंचं वाटलं ते एका संध्याकाळी. नवीन पुस्तक सुरू झालं होतं. काकांनी दोन पानं सांगितली असतील. काकू मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "माणूस तोच आहे, पण आज वाढणारी दुसरी आहे." काकांनी पुस्तक उलटून बघितलं. खरंच, भाषांतर करणारी बाई वेगळी होती. आधीची सगळी पुस्तकं एकाच माणसाने केली होती. इंग्रजीचा गंध नसलेल्या बाईने, जपानीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्या नवऱ्याच्या कऱ्हाडी मराठीत आलेल्या गोष्टीवरून, मधला माणूस बदलल्याचं ओळखलं होतं. मी थक्क झाले. काका मात्र झाले नाहीत. "हिला मसाला बदलला तरी कळतो," एवढंच म्हणाले.

काकांचा एक नियम होता. पुस्तक आधी वाचून ठेवायचं नाही. जे काय वाचायचं ते काकूंसमोर, सांगता सांगता. पुढे काय होणार ते त्यांनाही माहीत नसायचं. "आधी वाचून मग सांगायचं म्हणजे शिळं वाढायचं," ते म्हणायचे. त्यामुळे एखादा धक्का बसला तर दोघांना एकदमच बसायचा. मी आतून ऐकायची, एकदम दोघांचा "अगं बाई" आणि "आयला" निघायचा.

आणि ऐकणारी फक्त मीच नव्हते. त्या इमारतीत सगळी स्वयंपाकघरं एका डक्टवर उघडत होती. डक्टमधून पाइप जायचे, कबुतरं बसायची आणि आवाज वर-खाली फिरायचे. काकांचा आवाज कारखान्यात मशीनच्या वर चढून बोलायची सवय लागलेला. खिडकीशी बसून ते बोलायला लागले की चारही मजल्यांवर जपान पोचायचं. जुन्या रहिवाशांना सवय होती. सोसायटीचे सेक्रेटरी तर बायकोला विचारायचे, "आज त्या मास्तरांच्या बहिणीचं काय झालं?" पण पहिल्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या आगरी मावशींना हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

मावशी इथल्याच जुन्या गावातल्या. त्या आल्या तेव्हा जी कादंबरी चालू होती, तिच्यात धाकटी जाऊ आजारी होती. मावशी रोज भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या. धाकट्या जावेचा ताप उतरत नाही. धाकट्या जावेला हॉस्पिटलात नेलं. मोठे दीर भेटायला गेले नाहीत. आता काकूंना खरोखरीची धाकटी जाऊ होती, कऱ्हाडला, आणि मावशींना जिन्यात झालेल्या गप्पांतून तेवढं माहीत होतं. मग एका संध्याकाळी काकांचा आवाज एकदम खाली आला, आणि ते म्हणाले, "गेली."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मावशी दारात उभ्या. डोक्यावरून पदर, हातात मोठा डबा. ज्या घरात कोणी गेलं त्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं, ही त्यांची रीत. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं होतं. त्या सरळ आत आल्या, काकूंजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांचा हात धरून रडायला लागल्या.

"रडू नको गो बाय," स्वतः रडत त्या म्हणाल्या. "तरनी होती ना?"

काकूंचे डोळे आधीच सुजलेले होते. रात्री दोघंही धड जेवली नव्हती. त्यांचाही बांध फुटला. "तरणीच हो. दोन पोरं मागे. आणि मोठे दीर शेवटपर्यंत भेटायला गेले नाहीत."

"ऐकला मी सगला," मावशी म्हणाल्या. "तेरावा कुठं करतील? गावाला?"

काकूंनी नाक पुसलं. "तिकडची रीत वेगळी. पुढचं आज संध्याकाळी कळेल."

मावशी जरा बिचकल्या. "संध्याकाली फोन येल?"

"नाही हो. आज पुढचं प्रकरण आहे."

मला खोलीच्या दारात उभं राहून तोंडात पदर कोंबावासा वाटला. पदर नव्हता, म्हणून ओढणी कोंबली. मग सगळा उलगडा झाला. मावशी डब्याकडे बघत राहिल्या, काकूंकडे बघत राहिल्या, मग स्टुलावर बसलेल्या काकांकडे वळल्या.

"म्हंजे मेला नाय कोनी?"

काका गंभीरपणे म्हणाले, "मेली की. काल संध्याकाळी."

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मावशींनी तो चेहरा नीट बघून घेतला. घरातला गॅस त्या दिवशी खरंच पेटलेला नव्हता, तेही बघितलं. मग डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तर मंग जेवा."

आम्ही जेवलो. असं बिरडं मी जन्मात खाल्लं नव्हतं. आणि त्या संध्याकाळपासून पहिल्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी राहायला लागली. मधेच कोणी मिक्सर लावला तर मावशी डक्टमधून ओरडायच्या, "बंद कर रे तो, बाय घर सोडून चाललीय." पुढे कऱ्हाडची खरी जाऊ दिवाळीला आली, तेव्हा जिन्यात तिला बघून मावशी दोन पायऱ्या मागे सरकल्या होत्या.

मी तिथे होते त्या शेवटच्या वर्षी त्या लेखकाची एकच कादंबरी राहिली होती. लेखक म्हातारा होऊन वारला होता आणि त्याची ती शेवटची कादंबरी तेव्हाच इंग्रजीत आली होती. मी ती ऑनलाइन मागवून दिली. काकांनी पुस्तक हातात घेतलं, बेअरिंग तपासावं तसं बोटाने पाठ दाबून बघितली, खाकी कव्हर घातलं. "ही झाली की झाली सगळी," म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज घोगरा होता. सर्दी असेल असं वाटलं.

कादंबरी एका तरीवाल्याची होती. तर म्हणजे नदी ओलांडायची होडी, हे मला काकूंमुळे समजलं. त्यांच्या माहेरी खाडीवर तर होती. गोष्टीतल्या नदीवर पूल बांधून झालेला असतो आणि तर आता बंद व्हायची असते. तरीवाला आयुष्यभर पलीकडून हाक आली की होडी घेऊन जात आलेला. त्याची बायको अलीकडच्या काठावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण करून घालते. पुष्कळ वर्षांपूर्वी त्याने एका पोरीला पलीकडे सोडलेलं असतं. ती म्हणालेली असते, संध्याकाळी येते. ती आलेलीच नसते. पलीकडून कोणाचीही हाक आली की तरीवाल्याला आधी तीच वाटते, आणि बायकोला ते माहीत असतं.

काकू त्या गोष्टीत अशा शिरल्या की भाजी तशीच राहायला लागली. ओहोटीच्या वेळी होडी कशी लावतात, हे उलट काकूच काकांना समजावून सांगायच्या. पण काकांचा आवाज दिवसेंदिवस बसत चालला होता. काकूंनी ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं. गोष्ट सांगता सांगता ते मध्येच थांबायचे, आणि आता ती लेखकाची रिकामी ओळ आहे की काकांचा घसा, हे आम्हाला कळेना. डक्टमधून मावशींनी एकदा विचारलंच, "भाऊंचा आवाज का येत नाय?"

काका एकटेच वाशीला डॉक्टरांकडे जाऊन आले होते. एकदा नाही, बऱ्याचदा. आम्हाला सांगितलं, "औषध दिलंय." आणि रोजच्यापेक्षा जास्त पानं सांगायला लागले. मला वाटलं, रंगलेत.

मग एका दुपारी त्यांचा मोबाइल घरी राहिला आणि तो काकूंनी उचलला. त्या दिवशी मला सुट्टी होती, मी समोरच बसले होते. हॉस्पिटलातून एक मुलगी बोलत होती. पेशंट ऑपरेशनची तारीख सारखी पुढे ढकलतायत, डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत, असं ती म्हणाली. कसलं ऑपरेशन, हे काकूंनी तिच्याकडूनच काढून घेतलं. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढायचं होतं. जीव वाचला असता, आवाज राहिला नसता. काकूंनी फोन ठेवला आणि त्या तांदळाच्या डब्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला एवढंच कळलं की हा माणूस एक गोष्ट पुरी सांगता यावी म्हणून मरण अंगावर घेऊन बसला होता.

संध्याकाळी काका स्टुलावर येऊन बसले. पुस्तक जागेवर नव्हतं.

"पुस्तक कुठाय?"

"तांदळात," काकू म्हणाल्या.

"अगं, थोडंच राहिलंय. आज-उद्यात होतंय. तो तरीवाला बघ, शेवटचा दिवस हाय, संध्याकाळ झालीया, आणि पलीकडनं हाक आलीया. काल तिथं थांबलो. कोण हाक मारतंय ते तरी बघू."

"हॉस्पिटलातून फोन आलेला."

काका हळूच म्हणाले, "बोलता येतंय तोवर सांगून टाकतो. नंतर तुला कोण सांगणार?"

मी पुढे होऊन म्हटलं, "काका, मी वाचून दाखवेन ना."

दोघांनीही माझ्याकडे मायेने बघितलं. लहान मुलीने पोळ्या करते म्हटलं की बघतात तसं. आणि काकूंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत डक्टने तो आवाज ऐकला नसेल.

"मला शेवट नको! ऐकलंत? त्या तरीवाल्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पलीकडे कोण का बोंबलत असेना. मला तुम्ही पाहिजे. मुके तर मुके. सकाळी चला, नाहीतर ते पुस्तक मी चुलीत घालते."

घरात चूल नव्हती, गॅस होता, पण ते सांगायची कोणाची टाप नव्हती. काका खाली मान घालून बसले होते. डक्टमध्ये एका कुकरची शिट्टी व्हायची ती अर्ध्यातच कोणीतरी बंद केली. मग खालून मावशींचा आवाज आला. "भाऊ, जावा. आमाला पन नको तो शेवट."

आणि वरच्या मजल्यावरून सेक्रेटरी म्हणाले, "सकाळी माझी गाडी आहे, काका. मी सोडतो."

ऑपरेशन झालं. काका घरी आले तेव्हा त्यांच्या गळ्याला पांढरं फडकं होतं आणि हातात पाटी-पेन्सिल. एवढा दणकट माणूस दारात चपला काढायलासुद्धा थबकला, कारण "आलो गं" म्हणायची सवय होती आणि ते म्हणता येत नव्हतं. काकू आतूनच म्हणाल्या, "आलात ना? या." त्यांनी बघितलंही नव्हतं.

पुढचे किती तरी दिवस संध्याकाळ आली की घर गप्प असायचं. काका स्टुलावर बसायचे, काकू भाजी निवडायच्या. डक्टमध्ये आता मिक्सर बिनदिक्कत चालायचे आणि ते ऐकवत नव्हतं. पुस्तक तांदळातच होतं. काका ते एकटे वाचू शकले असते, डोळे तर शाबूत होते. पण एकट्याने वाचायचं नाही हा नियम त्यांनी मोडला नाही. मी पुन्हा एकदा वाचून दाखवायचं विचारलं, तर पाटीवर लिहिलं, "शिळं होईल."

मग एका संध्याकाळी काकूंनी गवारीच्या शेंगा पुढ्यात घेतल्या, दोन शेंगा मोडल्या आणि बोलायला लागल्या. काकांकडे न बघता, शेंगांकडे बघून.

"तर, पलीकडून हाक आली. तरीवाला उठला. बायको म्हणाली, अंधार पडतोय, ओहोटी लागलीय. पण तो ऐकतोय कुठला? आयुष्यभर कधी हाक मोडली नाही. तो गेला. पलीकडे पोचला, तर काठावर कोणी नाही."

काकांनी मान वर केली.

"वारा असेल, नाहीतर मनातलंच असेल. त्याने कंदील वर धरून बघितलं. ती पोरगी नाही, कोणीच नाही. परत फिरायला वळला, तर तेवढ्यात पाणी गेलं होतं. होडी चिखलात बसली. आमच्या खाडीत असंच व्हायचं. आता भरती येईपर्यंत तिथंच. तो हाक मारायला गेला, पण वाऱ्यात जन्मभर ओरडून त्याचा घसा गेलेला. आवाज निघेना. इतकी वर्षं लोक त्याला हाक मारायचे आणि तो जायचा. आता त्याला हाक मारायची वेळ आली, तर हाकच नाही."

डक्टमधला मिक्सर बंद झाला. खालची खिडकी उघडल्याचा आवाज आला. काकू शेंग हातात घेऊन थांबल्या. ती रिकामी ओळ होती. मला कळली, काकांनाही कळली.

"इकडे बायको भात उतरवून बसली होती," त्या पुढे म्हणाल्या. "तिला काही ऐकू आलं नाही. पण ती उठली. शेजाऱ्याची पगार सोडली, पगार म्हणजे लहान होडी, कमी पाण्यातही चालते ती, आणि वल्हवत गेली. तिला कोणी वल्हवायला शिकवलं नव्हतं, पण जन्मभर बघत होती की. त्याने विचारलं, म्हणजे डोळ्यांनीच विचारलं, मी हाक मारलीच नाही, तू आलीस कशी? ती म्हणाली, हाक आली तरच जायचं असा काय आपला संसार आहे? आणि त्याला पगारीत घेतलं आणि घरी आणलं. जेवायला वाढलं. झालं. संपलं."

काकूंनी शेंगा टोपलीत टाकल्या. मग त्या उठल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, पुस्तक काढलं, झटकलं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या. आता बघा त्याने काय केलंय ते."

काकांनी खूण होती तिथून उघडलं. फारशी पानं नव्हतीच. ते वाचत होते आणि आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं, मग उघडं पुस्तक माझ्याकडे दिलं. मी वाचलं. त्या थोर लेखकाने तरीवाल्याला हाकेसरशी होडीत बसवलं होतं, नदीच्या मध्यावर नेलं होतं आणि तिथे कादंबरी संपवली होती. पलीकडे कोण आहे ते सांगितलेलंच नव्हतं. वल्ह्याचा आवाज होता आणि अंधार होता. फार सुंदर होतं ते पान. पण त्याने माणसाला पाण्यात सोडलं होतं, आणि काकूंनी घरी आणलं होतं. मी पुस्तक मिटलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मला एखाद्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलंय, त्यातली ती एक वेळ.

काकांनी पाटी ओढली. पेन्सिलीचा आवाज झाला. लिहून त्यांनी पाटी काकूंकडे फिरवली.

"मशीन आलं."

काकूंनी वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि पदर तोंडाला लावला. काका आवाज न करता हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळ्यावरच्या फडक्यावर पडत होतं.

खालून मावशींना राहवेना. "काय लिवला गो त्यांनी?" त्यांनी डक्टमधून विचारलं.

काकू खिडकीशी गेल्या, नाक पुसलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मशीन आलं म्हणतायत."

कुठलं मशीन, असं कोणीही विचारलं नाही.